तुरटीतला अंबाडा

मी चेटकीण आहे आणि देव मानत नाही. दोन्ही गोष्टी मी एका दमात सांगते, कारण एक सांगून थांबलं की समोरचा माणूस दुसरी मनानेच जोडून घेतो. रत्नागिरीत भाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बिल्डिंग आहे, तिथे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी चारचौघांत माझी ओळख ‘आमची नास्तिक चेटकीण’ अशी करून देते, आणि मला ते आवडतं. म्हातारपणी माणसाचं आपलं असं काहीतरी असावं.

माझ्या घरात देव्हारा नाही. त्या जागी एक फळी आहे. तिच्यावर खडेमिठाची वाटी, सुक्या मिरच्या, मोहरी, तुरटीचे खडे, किनाऱ्यावरून आणलेले चार शिंपले आणि एक तेलाचा दिवा. संध्याकाळी दिवा लावते, पण हात जोडत नाही. दिव्याकडे बघत दिवसभरात कोणाकोणाला टोचून बोलले ते आठवते. यादी बरीच मोठी निघते. मनात फारच साचलं तर ओहोटीची वेळ बघून भाट्याला जाते, ओल्या वाळूवर काडीनं ते लिहिते आणि भरती येईपर्यंत बसून राहते. पाणी येतं, पुसून जातं, मी घरी येऊन भात लावते. समुद्राला माझं काहीएक पडलेलं नाही हे मला कळतं. तरी त्या दिवशी मी माणसांत येते एवढं खरं.

आणि मी दृष्ट काढते. हे आईकडून आलं. ती श्रद्धेनं काढायची. मी का काढते म्हणाल, तर एखाद्याला समोर बसवून, पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे बघत त्याच्याभोवती हात फिरवला की त्याला बरं वाटतं. त्याला देव लागत नाही आणि भूतही लागत नाही. मी सगळी नोकरी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये केली. तुरटी तापली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघतं आणि ती फुगते, हे दरवर्षी नव्या पोरांना करून दाखवलं. लोक मात्र त्या फुगलेल्या तुरटीत चेहरा शोधतात. ज्याची नजर लागली त्याचं तोंड तिच्यात उमटतं, अशी समजूत. दृष्ट काढून खडा निखाऱ्यावर टाकला की सगळ्या बायका वाकतात आणि विचारतात, कोण दिसतंय?

इथे माझा एक नियम होता. म्हणजे आईचाच. तिच्या लहानपणी त्यांच्या गावात कोणीतरी अशीच तुरटी बघून एका म्हाताऱ्या विधवेचं नाव घेतलं होतं. ती बाई मरेपर्यंत तिला कोणी आपल्या विहिरीवर चढू दिलं नाही. आई म्हणायची, चेहरा दिसला तरी तोंड शिवून टाकायचं. मला तर चेहरा दिसतच नाही, त्यामुळे नियम पाळणं काही जड गेलं नाही. कोणी विचारलंच तर मी म्हणायची, ‘तुरटी दिसतेय. आता पाण्यात टाका आणि जेवायला बसा.’

गेल्या वर्षी थंडीत मुलगी पुण्याहून बाळंतपणाला आली. नवरा गेल्यापासून घरात मी एकटीच. त्यामुळे मी या बाळंतपणाची जी वाट बघत होते ती विचारू नका. डिंकाचे लाडू केले, अळीव आणले, मऊ सुती लुगड्यांची दुपटी शिवली. फक्त एक अडचण होती. दोन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून त्यात जोर नाही. ओलं, तेलकट बाळ त्या हातात धरायची माझी छाती होईना. म्हणून न्हाऊ-माखू घालायला बाई बघावी लागली. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या सुनेचं बाळंतपण महिनाभर आधी झालं होतं, त्यांच्याकडे येणारी बाईच मी आमच्याकडे ठेवली. मीच ठेवली, हे आधी सांगून टाकते.

माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल. गाव आत संगमेश्वराच्या बाजूला, नवरा मुंबईत मिलमध्ये होता तो केव्हाच वारला, आता इथे एका खोलीत एकटी राहते. आयुष्यभर लोकांची बाळं आंघोळ घालत आली. सहावारी पातळ घट्ट खोचलेलं आणि मानेवर हा एवढा मोठा अंबाडा. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे केस कापलेले, माझ्यासकट. अंबाडा तिचा एकटीचा.

पहिल्या दिवशी तिनं नातीला पायांवर घेतलं, तेल लावलं, कोमट पाण्याची धार धरली, आणि पोरगी रडलीच नाही. डोळे मिटून पडून राहिली. माझ्याकडे तीच पोर आली की असा आकांत करायची की मजल्यावरचे लोक दार उघडून बघायचे. मुलगी हसून म्हणाली, ‘आई, तुझ्या हातांना अमोनियाचा वास येत असेल अजून.’ मी हसले. पण आत काय झालं ते माझं मला माहीत.

त्यानंतर रोज सकाळी तेच. आंघोळ झाली की ती बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत भिंतीशी पाटावर बसायची, पाय लांब करून. करवंटीच्या निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी द्यायची, अंगडं घालायची, आणि शेवटी काजळाचं बोट टेकवून तीट लावायची. मी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून बघत राहायची, कारण मला दुसरं काही काम उरलंच नव्हतं. तीट ती कायम डाव्या गालावर लावायची. मी एकदा म्हटलं, ‘आमच्याकडे उजव्या गालावर लावतात.’ ती म्हणाली, ‘असेल वो ताई,’ आणि डाव्याच गालावर लावली. मी मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, ‘मावशींना लावू दे गं त्यांच्या पद्धतीनं.’

मावशी. मला सख्खी बहीण नाही. ही कानामागून आली, तिखट झाली, आणि आठवड्याच्या आत माझ्या मुलीची मावशीही झाली.

एका सकाळी मी टॉवेल द्यायला न्हाणीघराच्या दाराशी गेले. आत ती मुलीची पाठ चोळत होती आणि मुलगी बोलत होती. परत पुण्याला जायची भीती वाटते म्हणत होती. बाळाकडे बघून कधीकधी काहीच वाटत नाही, मग स्वतःचीच लाज वाटते, असं म्हणत होती. ती बाई म्हणाली, ‘व्हतं गो बाय असं. माजं पण झालं व्हतं. दूध पाजत ऱ्हा, माया मागनं येते.’ मी टॉवेल छातीशी धरून तिथेच उभी. रोज रात्री जेवताना मी मुलीला विचारत होते, बरी आहेस ना, आणि रोज ती सांगत होती, छान आहे गं आई. मी तिला जन्म दिला. अख्ख्या बिल्डिंगला बरं वाटावं म्हणून मी हात फिरवते. आणि माझ्या पोटची पोर दुखलं कुठे ते सांगणार या बाईला, जिला आमच्याकडे येऊन महिना झाला नाही. मला राग मुलीचा यायला हवा होता. तो आला त्या अंबाड्याचा.

त्या संध्याकाळी मी भाट्याला गेले, वाळूवर लिहायला काडी हातात घेतली आणि काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते पाण्यानं नेलं असतं. मला ते न्यायला नको होतं. मला ते ठेवायचं होतं.

महिना भरत आला आणि बाळ संध्याकाळचं रडायला लागलं. तिन्हीसांजेला सुरू व्हायचं ते दोन दोन तास. मी आधी डॉक्टरकडेच नेलं, तेवढी अक्कल शाबूत होती. डॉक्टर म्हणाल्या पोटात वारा धरतो, तीन महिन्यांत आपोआप थांबेल. तिसऱ्या दिवशी मुलगी रडून रडून आतल्या खोलीत झोपली होती, बाळ माझ्या खांद्यावर किंचाळत होतं. आवाज ऐकून खालच्या वहिनी वर आल्या, मागून समोरच्या दोघी आल्या. वहिनी म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही सगळ्यांची काढता, घरच्या लेकराची काढायला काय झालं?’

मी घमेल्यात निखारे केले. तुरटीचा खडा घेऊन बाळावरून फिरवला. देवाचं नाव मी घेत नाही, एवढंच म्हणते, आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची. खडा निखाऱ्यावर टाकला. तो तडतडला, पाझरला, फुगला. मोठा पांढरा गोळा झाला आणि त्याच्या मागच्या अंगाला छोटा गोळा फुगला. बाळ तेवढ्यात गप्प झालं, रडून दमलं होतं बिचारं. वहिनींनी वाकून नेहमीचं विचारलं, ‘कोण दिसतंय?’

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणाले, ‘अंबाडा दिसतोय.’

दोनच शब्द. नाव घेतलं नाही. पण मी काय बोलले ते मला बोलण्याच्या आधी ठाऊक होतं. तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनी हळूच म्हणाल्या, ‘तरीच.’ मी तुरटी पाण्यात टाकली, पण जेवायला बसा म्हणून कोणाला सांगितलं नाही.

वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईला दारातूनच परत पाठवलं, सून आता स्वतः घालेल आंघोळ म्हणून. त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या दोन घरांनी तिला नको सांगितलं. तिचं पोट लोकांच्या बाळांवर. असल्या बाईच्या नजरेबद्दल एकदा कुजबुज झाली की तिच्या हातात कोण आपलं बाळ देणार. आमच्याकडे ती आणखी दोन दिवस आली, नेहमीसारखी, काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली नाही. मुलीनं फोन केला तर म्हणाली, ‘अंगात कसकस हाय, जमायचं नाय आता.’ मुलगी फोन ठेवून म्हणाली, ‘असं अचानक कसं? आई, आपलं काही चुकलं का गं?’ मी म्हटलं, ‘या बायकांचं असंच असतं.’

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी पाटावर मी बसले.

चार दिवस मी नातीला आंघोळ घातली. मनगटाला पट्टा बांधून. पोरगी चारही दिवस रडली. मुलगी शेजारी उभी राहून तांब्यानं पाणी घालायची आणि एक अक्षर बोलायची नाही. माझी पाठ चोळशील का, असं तिनं मला एकदाही म्हटलं नाही. मीच विचारलं तर म्हणाली, राहू दे, तुझा हात दुखेल. चौथ्या दिवशी बाळ माझ्या हातातून निसटलं. मुलीनं वरच्या वर झेललं, काही लागलं नाही. ती बाळाला उराशी धरून ओल्या जमिनीवर बसली आणि मावशी मावशी म्हणत रडायला लागली. मी समोर होते. तरी ती मावशीच म्हणत होती.

मी खाली वहिनींकडे गेले. म्हटलं, तुरटी फुगतेच, तिच्यात पाणी असतं, मी लॅबमध्ये हजार वेळा फुगवली आहे, चेहराबिहरा काही नसतो. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, ‘असू दे हो ते शास्त्र. तुम्ही पहिल्यांदा तोंडानं बोललात, म्हणजे नक्कीच काहीतरी दिसलं असणार. इतकी वर्षं तुम्ही कोणाचं म्हणून सांगितलं नाहीत.’ पाळलेल्या नियमाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी जन्मभर गप्प राहिले म्हणून माझं एक खोटं खरं ठरलं.

तेव्हा शास्त्रानं हे सुटणार नव्हतं. मी बांधलेलं मलाच सोडायचं होतं आणि माझ्याकडे त्यासाठी तुरटीच होती. शनिवारी दुपारी मी वहिनींना, त्यांच्या सुनेला, समोरच्या दोघींना आणि मागच्या गल्लीतल्या त्या दोन घरच्या बायकांना चहाला बोलावलं. मुलीलाही बाळ घेऊन बाहेर बसवलं. सगळ्यांच्या समोर घमेलं ठेवलं, बाळावरून खडा फिरवला आणि निखाऱ्यावर टाकला. तो फुगला, जसा फुगतो तसा. बायका वाकल्या. कोणी विचारायच्या आत मी म्हणाले, ‘त्या दिवशी मी नीट बघितलं नव्हतं. आज स्पष्ट दिसतंय. ही मी आहे. नजर माझी आहे.’

मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, ‘ती पोरीला आंघोळ घालायची तेव्हा मी या खुर्चीत बसून जळत होते. महिनाभर. त्या बाईचा काही दोष नाही.’

पाण्याचं, वाफेचं त्यांना पटलं नव्हतं. हे मात्र लगेच पटलं. वहिनींच्या सुनेनं तिचं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. चहा तसाच राहिला. माझ्याकडे त्यानंतर आजपर्यंत कोणी दृष्ट काढायला आलेलं नाही आणि येणारही नाही.

सगळ्या गेल्यावर मुलगी म्हणाली, ‘तू माझ्या बाळावर जळत होतीस?’

‘बाळावर नाही गं. तिच्यावर. तू तिला सगळं सांगायचीस.’

‘तू ऐकायचीस?’

‘दारात उभी होते.’

तिनं बाळाला दोनदा थोपटलं. मग म्हणाली, ‘तुला सांगितलं असतं तर तू लगेच काहीतरी करायला धावली असतीस. मीठ, मोहरी, लाडू, डॉक्टर. त्या नुसत्या ऐकतात.’ तिनं बाळाचं दुपटं नीट केलं आणि म्हणाली, ‘जा, त्यांना घेऊन ये.’

मी गेले तेव्हा ती बाई आपल्या खोलीबाहेर बसून झावळ्यांचे हीर सोलत होती, खराटे बांधायला. मला बघून उठली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, अंबाड्यापासून आजच्या तुरटीपर्यंत. तिच्या हातातली सुरी थांबली नाही. ‘मला म्हाईत हाय,’ ती म्हणाली.

‘वहिनींनी सांगितलं?’

‘कोणी सांगाया कशाला पायजे.’ चार हीर सोलून झाल्यावर तिनं मान वर केली. ‘उद्या येते. पाणी तापवून ठेवा. तुमच्यासाठी नाय येत, पोरीसाठी येते.’

वहिनींनीही तिला त्याच संध्याकाळी फोन करून बोलावलं, मागच्या गल्लीतल्या एकीनं बोलावलं. दुसरीनं नाही बोलावलं. तेवढं माझ्याच्यानं सुटलं नाही, आणि ते घर मला रोज बाजारात जाताना लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. मुलीची पाठ चोळली, दोघी आत काय बोलल्या ते मी ऐकायला गेले नाही. नातीला आंघोळ झाली, पोरगी डोळे मिटून गप्प. मग ती पाटावर बसली, धुरी दिली, अंगडं घातलं. मी माझ्या खुर्चीत. तिनं काजळाची डबी उघडली आणि डाव्या गालावर तीट लावली. मी म्हणाले, आता भांडायला नाही, नुसतंच विचारते, तुमच्याकडे डाव्या गालावर का लावतात?

‘आमच्याकडं पण उजव्याच लावतात,’ ती म्हणाली. ‘तुमी त्या खुर्चीत बसता ना. तुमाला हा गाल दिसतो.’

ती अंगड्याची नाडी बांधत होती. ‘पैल्याच दिवशी बघितलं मी. बायांची नजर वळखता नाय आली तर या कामात कसं चालंल. तुमी तुरटी आत्ता टाकलीत.’

मी उठले. वेताची खुर्ची उचलून खोलीच्या दुसऱ्या बाजूला, बाळाचा उजवा गाल दिसेल अशी ठेवली आणि तिच्यात बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बोटावर उरलेलं काजळ बाळाच्या दुसऱ्या गालावर टेकवलं, बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं.

‘घ्या आता,’ म्हणाली.